अमेरिकेत फॅमिली नर्स प्रॅक्टिशनर व्हायचे आहे: पदव्युत्तर कार्यक्रम निवडताना काय पाहावे?

वारणाकाठ

नमस्कार. मी मूळची सांगली जिल्ह्यातली. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयातून बी.एस्सी. नर्सिंग केले, मिरजेत काही वर्षे स्टाफ नर्स म्हणून काम केले आणि लग्नानंतर डॅलसला आले. एन्क्लेक्स ही परवाना परीक्षा उत्तीर्ण होऊन टेक्सासचा आर.एन. (नोंदणीकृत परिचारिका) परवाना मिळाला आणि सध्या येथील एका रुग्णालयात टेलिमेट्री वॉर्डमध्ये, म्हणजे रुग्णांच्या हृदयाच्या ठोक्यांवर यंत्राने सतत लक्ष ठेवतात तेथे, रात्रपाळी करते. यजमान एच-1बी या नोकरीच्या व्हिसावर आहेत आणि त्यांचा आय-140 (ग्रीन कार्डसाठी कंपनीने केलेला अर्ज) मंजूर झालेला असल्यामुळे मला एच-4, म्हणजे जोडीदाराच्या व्हिसावर काम करण्याची परवानगी आहे.

गेले काही महिने फॅमिली नर्स प्रॅक्टिशनर, म्हणजे एफएनपी (सर्व वयांच्या रुग्णांचे निदान करून औषधे लिहून देणारी परिचारिका) होण्याचा विचार मनात पक्का होत चालला आहे. आमच्या वॉर्डात हृदयविकाराचे आणि मधुमेहाचे तेच ते रुग्ण पुन्हा पुन्हा भरती होतात. घरी सोडताना मी त्यांच्या हातात कागद देते, त्यावर 'सात दिवसांच्या आत आपल्या नेहमीच्या डॉक्टरांना भेटा' असे छापलेले असते, आणि रुग्ण मला विचारतो की सिस्टर, मला नेहमीचे डॉक्टरच नाहीत, तर भेटू कोणाला? पायावर सूज येऊन तो माणूस पुन्हा आमच्याकडे येण्याआधी, बाहेरच त्याची गाठ पडेल अशा ठिकाणी मला काम करायचे आहे.

परंतु चौकशी सुरू केल्यापासून गोंधळच वाढला आहे. एम.एस.एन. (नर्सिंगमधील मास्टर्स पदवी) करावे की थेट डी.एन.पी. (नर्सिंगमधील व्यावसायिक डॉक्टरेट)? पूर्ण ऑनलाइन कार्यक्रम घ्यावा की जवळच्या विद्यापीठात जावे? काही विद्यापीठे सांगतात की प्रत्यक्ष रुग्णसेवेच्या तासांसाठी प्रिसेप्टर, म्हणजे हाताखाली घेऊन शिकवणारा अनुभवी व्यावसायिक, विद्यार्थ्यानेच शोधायचा, आणि रात्रपाळी करणाऱ्या, ओळखीपाळखी नसलेल्या माझ्यासारखीला तो कसा मिळणार हे मला कळत नाही. शिवाय पुढच्या वर्षी यजमानांची बदली फिनिक्सला होण्याची शक्यता आहे. वॉर्डातल्या काही सहकारी म्हणतात की रुग्णालयातलाच अनुभव असताना अ‍ॅक्युट केअरचा, म्हणजे रुग्णालयातील तीव्र आजारांच्या काळजीचा, अभ्यासक्रम घेणे शहाणपणाचे. ज्यांनी हा मार्ग चालून पाहिला आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

पश्चिमवारा

वारणाकाठ ताई, मी पश्चिम टेक्सासमधील एका छोट्या गावात सामुदायिक आरोग्य केंद्रात एफएनपी म्हणून काम करते. तुमचा शेवटचा प्रश्न मी आधी घेते, कारण त्याचे उत्तर ठरल्याशिवाय बाकीच्यांना अर्थ नाही.

अमेरिकेत नर्स प्रॅक्टिशनरचे शिक्षण कोणत्या रुग्णांसाठी घ्यायचे हे प्रवेश घेतानाच ठरते. 2008 साली राज्यांची नर्सिंग बोर्डे, विद्यापीठे आणि प्रमाणपत्र देणाऱ्या संस्था यांनी मिळून एक आराखडा स्वीकारला आणि त्यात रुग्णगट ठरवून दिले: कुटुंब म्हणजे जन्मापासून वार्धक्यापर्यंत सर्व वयांचे, प्रौढ व वृद्ध, बालके, नवजात, स्त्रिया आणि मानसिक आरोग्य. प्रौढ-वृद्ध आणि बालके या गटांत प्राथमिक आणि तीव्र आजारांची काळजी असे दोन वेगळे रस्ते आहेत. ज्या गटाचे शिक्षण आणि परीक्षा, त्याच गटाचा परवाना. एफएनपी होऊन अतिदक्षता विभागात व्हेंटिलेटरवरचे रुग्ण सांभाळणे हे त्या परवान्याच्या कक्षेबाहेरचे आहे, आणि एखाद्या रुग्णालयाने तशी नोकरी दिली म्हणून ते कक्षेत येत नाही. बोर्ड उद्या तुम्हालाच विचारील की याचे शिक्षण कोठे घेतले. उलट अ‍ॅक्युट केअरवाली प्रौढ-वृद्ध गटातली व्यक्ती दोन वर्षांच्या मुलाला तपासू शकत नाही. तुम्हाला रुग्णालयाच्या दाराबाहेरचे काम करायचे आहे, तर तुमचा रस्ता एफएनपीचाच आहे, आणि टेलिमेट्रीचा अनुभव त्यात वाया जात नाही.

ही भूमिका मुळात त्यासाठीच जन्मली. 1965 साली कोलोरॅडो विद्यापीठात लोरेटा फोर्ड या सार्वजनिक आरोग्य परिचारिकेने आणि हेन्री सिल्व्हर या बालरोगतज्ज्ञाने पहिला कार्यक्रम सुरू केला, तो डॉक्टर जेथे पोहोचत नव्हते तेथील मुलांसाठी. फोर्ड बाईंचे 2025 च्या जानेवारीत वयाच्या 104 व्या वर्षी निधन झाले, त्या दिवशी आमच्या केंद्रात आम्ही सगळ्यांनी त्यांची आठवण काढली.

आता प्रत्यक्ष शिक्षणाविषयी. प्रगत विकृतीशरीरशास्त्र, प्रगत औषधशास्त्र आणि प्रगत शारीरिक तपासणी हे तीन विषय सर्वत्र पाया समजले जातात. ते अवघड आहेत, पण आपल्याकडची बी.एस्सी. केलेली मुलगी अभ्यासाला घाबरत नाही. खरे शिक्षण क्लिनिकल तासांत होते. 2022 मध्ये सुधारलेल्या राष्ट्रीय मानकांनुसार प्रत्यक्ष रुग्णसेवेचे किमान 750 तास लागतात. पूर्वी ही मर्यादा 500 होती. या तासांत आपली आर.एन.ची सवय मोडून नवी लावावी लागते.

एक उदाहरण देते. दोन वर्षांचे मूल, ताप 103, रात्रभर रडलेले, आईच्या मांडीवर. आर.एन. म्हणून मी ताप पाहिला असता, वजन घेतले असते, डॉक्टरांना कळवले असते आणि ऑर्डर आल्यावर औषध दिले असते. विद्यार्थिनी म्हणून प्रिसेप्टरने माझ्या हातात कान तपासायचा ऑटोस्कोप दिला आणि त्या भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. तीन वर्षांखालील मुलाचा कान मागे आणि खाली ओढायचा, मोठ्यांचा मागे आणि वर. हे पुस्तकात वाचलेले असते, पण आईने मुलाचे डोके छातीशी कसे धरायचे हे आईला आपणच सांगायचे असते. पडदा नुसता लाल आहे की फुगलेला आहे? रडणाऱ्या मुलाचा पडदा लाल दिसतोच. फुगलेला असेल तरच तो मध्यकर्णाचा संसर्ग म्हणायचा. मग प्रतिजैविक द्यायचे की दोन दिवस वाट पाहायची? ताप एवढा जास्त असल्यामुळे द्यायचे ठरले. अ‍ॅमॉक्सिसिलिन दर किलोला दिवसाला 80 ते 90 मिलिग्रॅम, दोन वेळांत विभागून. वजन 12 किलो, म्हणून 80 च्या हिशेबाने एका वेळेस 480 मिलिग्रॅम, आणि पाच मिलिलिटरला 400 मिलिग्रॅमच्या पातळ औषधात ते होतात 6 मिलिलिटर. आईला आधी विचारायचे की पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी आहे का, आणि शेवटी सांगायचे की कोणती लक्षणे दिसली तर परत यायचे. निर्णय बरोबर होता, पण तो घेताना जो भार खांद्यावर जाणवला तो वॉर्डात कधी जाणवला नव्हता. हे शिकवणारा माणूस चांगला असेल तर 750 तास पुरतात, आणि कोपऱ्यात बसवून ठेवणारा असेल तर हजारही पुरत नाहीत.

म्हणून माझे ठाम मत असे आहे की विद्यापीठाचे नाव, फी, क्रमवारी यांच्या आधी एकच गोष्ट विचारावी: प्रिसेप्टर कोण देणार? जे विद्यापीठ क्लिनिकलच्या जागांची जबाबदारी स्वतः घेते, ते दोन पैसे महाग असले तरी घ्यावे. प्रिसेप्टर न मिळाल्यामुळे सत्र पुढे ढकलावे लागलेल्या, किंवा मध्यस्थ कंपनीला हजारो डॉलर देऊन जागा मिळवाव्या लागलेल्या मुली माझ्या पाहण्यात आहेत. रात्रपाळी आणि घर सांभाळून दवाखान्यांना फोन करत बसणे हे शिक्षण नव्हे.

टेक्सासबद्दल एवढे लक्षात ठेवा की येथे औषधे लिहून देण्यासाठी डॉक्टरशी लेखी करार असावा लागतो. दुसऱ्या अनुसूचीतील, म्हणजे व्यसनाचा धोका जास्त असलेली, नियंत्रित औषधे तर क्लिनिकमध्ये आम्हाला लिहिताच येत नाहीत. रुग्णालय आणि हॉस्पिस (अखेरच्या टप्प्यातील रुग्णांची सेवा) यांच्यापुरतीच ती मुभा आहे. त्यामुळे ज्या मुलाला अतिचंचलतेसाठी मिथाइलफेनिडेट हवे असते त्याची चिठ्ठी डॉक्टरकडूनच घ्यावी लागते, आणि आमच्या गावात डॉक्टर आठवड्यातून ठरावीक दिवशीच येतात. मला याचे फार वाईट वाटते. अ‍ॅरिझोनात असा करार लागत नाही. तेथे नर्स प्रॅक्टिशनर पूर्ण अधिकाराने काम करते. फिनिक्सची शक्यता असेल तर तिला अडचण समजू नका.

गोदाकाठची_अध्यापिका

मी नाशिक येथे नर्सिंग महाविद्यालयात शिकवते. अमेरिकेतील शिक्षणाविषयी वरील ताईंनी लिहिलेच आहे, मी येथून कागदपत्रे पाठवण्याच्या बाजूबद्दल लिहिते, कारण आमच्या माजी विद्यार्थिनी दरवर्षी याच टप्प्यावर अडकतात.

परवान्याच्या वेळी तुम्ही पदवीचे मूल्यमापन करून घेतले असेल, तरी विद्यापीठ प्रवेशासाठी बहुधा विषयवार मूल्यमापन पुन्हा मागते आणि त्यातून चार गुणांच्या मापावर सरासरी काढली जाते. बऱ्याच ठिकाणी 3.0 ची अट असते. आपल्याकडे नर्सिंगमध्ये 65 टक्के मिळवणे म्हणजे काय हे आपल्याला ठाऊक आहे, पण ते मूल्यमापन करणाऱ्या संस्थेला समजण्यासाठी गुणपत्रिकांबरोबर विषयवार थिअरी आणि प्रॅक्टिकलच्या तासांचे प्रमाणित विवरण जावे लागते. ते महाविद्यालय आणि विद्यापीठ यांच्याकडून मोहोरबंद लिफाफ्यात किंवा त्या संस्थेच्या ठरलेल्या पद्धतीने थेट जायचे असते; घरच्यांनी कुरियरने पाठवलेली प्रत चालत नाही. प्राचार्य बदललेले असतात, जुने रजिस्टर शोधावे लागते, म्हणून अर्जाच्या मुदतीच्या बऱ्याच आधी पत्र टाका आणि सांगलीत किंवा मिरजेत कोणी नातेवाईक असेल तर त्यांना एकदा महाविद्यालयाच्या कार्यालयात समक्ष जायला सांगा. ई-मेलपेक्षा समोर बसलेला माणूस लवकर काम करून घेतो, हे कटू असले तरी खरे आहे.

दुसरी गोष्ट संख्याशास्त्राची. तुम्ही शिकलात तो अभ्यासक्रम वर्षवार पद्धतीचा असणार, कारण सत्र आणि क्रेडिट पद्धतीचा नवा अभ्यासक्रम 2021 च्या तुकडीपासून लागू झाला. जुन्या अभ्यासक्रमात संख्याशास्त्र हे नर्सिंग संशोधनाच्या विषयातच जोडून शिकवले जाई. अमेरिकेतील अनेक विद्यापीठे ते स्वतंत्र विषय म्हणून मागतात आणि मूल्यमापनात ते वेगळे दिसत नाही म्हणून अर्ज अपूर्ण ठरवतात. जवळच्या कम्युनिटी कॉलेजमध्ये तो एकच विषय आधी करून घेतला तर त्याचा दुहेरी उपयोग होतो, कारण तिकडची एक ताजी 'ए' श्रेणी अर्जात दिसते.

पुढे कधी परत येण्याचा विचार असेल तर तोही आजच करून ठेवा. भारतात एफएनपीच्या तोडीची भूमिका अजून उभी राहिलेली नाही. भारतीय परिचर्या परिषदेने 2017 पासून सुरू केलेला नर्स प्रॅक्टिशनरचा पदव्युत्तर कार्यक्रम हा अतिदक्षतेसाठी आहे, आणि मिडवाइफरीसाठी, म्हणजे प्रसूतिसेवेसाठी, वेगळा कार्यक्रम आहे. गावपातळीवर आपल्या मुली समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून उपकेंद्रांत काम करतात, रक्तदाब आणि साखर तपासतात, ठरवून दिलेली औषधे देतात. पण निदान करून स्वतःच्या सहीने चिठ्ठी लिहिण्याचा जो अधिकार तुम्हाला तिकडे मिळेल तो येथे मिळणार नाही. आमच्या मुलींची क्षमता त्याहून पुष्कळ जास्त आहे, हे मी रोज पाहते.

क्लिनिकलफॅकल्टी_शिकागो

मी एका विद्यापीठात एफएनपी विद्यार्थ्यांना शिकवते आणि आठवड्यातले दोन दिवस स्वतः रुग्ण पाहते. पश्चिमवारा यांच्या प्रिसेप्टरविषयीच्या मताशी मी पूर्णपणे सहमत आहे. पदवीच्या प्रश्नावर थोडे सविस्तर लिहिते.

एम.एस.एन. की डी.एन.पी. याबाबत बरीच भीती पसरवली जाते. 2004 साली नर्सिंग महाविद्यालयांच्या राष्ट्रीय संघटनेने असा ठराव केला की 2015 पर्यंत सर्व प्रगत परिचर्येसाठी डी.एन.पी. ही प्रवेशाची पदवी व्हावी. पुढे नर्स प्रॅक्टिशनरच्या अध्यापकांच्या संघटनेने 2025 चे लक्ष्य ठेवले. यापैकी काहीही कायद्यात उतरलेले नाही. भूल देणाऱ्या परिचारिकांसाठी डॉक्टरेट सक्तीची झाली आहे, एफएनपीसाठी नाही. एम.एस.एन. केलेली व्यक्ती तीच प्रमाणपत्र परीक्षा देते, तोच परवाना मिळवते आणि क्लिनिकमध्ये बहुधा तोच पगार घेते. डी.एन.पी.मध्ये बॅचलर पदवीनंतरचे एकूण 1,000 तास आणि एक गुणवत्ता-सुधारणा प्रकल्प असतो. अध्यापन, धोरण किंवा मोठ्या यंत्रणेचे नेतृत्व करायचे असेल तर ती पदवी फार उपयोगी आहे. वारणाकाठ यांनी वर्णन केलेले काम करण्यासाठी मात्र एम.एस.एन. पुरेशी आहे आणि डी.एन.पी. नंतर नोकरी करता करता करता येते. काही सरकारी विद्यापीठांनी एम.एस.एन.चा एफएनपी मार्ग बंद करून थेट डी.एन.पी. ठेवला आहे, तेव्हा जवळचा चांगला कार्यक्रम तसा असेल तर केवळ पदवीच्या नावामुळे तो टाळू नये.

मान्यता तपासल्याशिवाय अर्जाचे शुल्क भरू नका. सी.सी.एन.ई., ए.सी.ई.एन. किंवा एन.एल.एन.-सी.एन.ई.ए. या मान्यता देणाऱ्या संस्थांपैकी एकीची मान्यता नसेल तर प्रमाणपत्र परीक्षेलाच बसता येणार नाही.

ऑनलाइन शिक्षणाला मी कमी लेखत नाही. केंटकीतील फ्रंटियर नर्सिंग युनिव्हर्सिटी दूरस्थ पद्धतीने ग्रामीण भागातील परिचारिकांना वर्षानुवर्षे तयार करत आली आहे, आणि मेरी ब्रेकिनरिज यांनी 1925 साली घोड्यावरून घरोघर जाणाऱ्या परिचारिकांची जी सेवा सुरू केली त्यातून ती संस्था उभी राहिली. दूरून शिकवणे आणि सोडून देणे यांत फरक आहे. ऑनलाइन कार्यक्रमाला विचारायचे प्रश्न असे: शारीरिक तपासणी प्रत्यक्ष शिकवण्यासाठी विद्यार्थ्यांना आवारात बोलावता का, क्लिनिकलच्या ठिकाणी अध्यापक येऊन पाहतात का, गेल्या तुकडीतील किती जण वेळेत पदवीधर झाले आणि पहिल्या प्रयत्नात किती उत्तीर्ण झाले. जो प्रवेश सल्लागार या प्रश्नांवर लगेच आकडा सांगत नाही आणि दर दोन दिवसांनी फोन करून अर्जाची आठवण मात्र करतो, त्याच्या विद्यापीठापासून दूर राहा.

प्रमाणपत्र परीक्षा दोन वेगवेगळ्या संस्थांच्या आहेत, आणि दोन्ही सर्व राज्यांत चालतात. ए.ए.एन.पी.सी.बी.ची परीक्षा जवळजवळ पूर्णपणे रुग्णाभोवती फिरते: 150 प्रश्न, त्यांतले 135 गुणांसाठी, वेळ तीन तास. ए.एन.सी.सी.च्या परीक्षेत संशोधन, व्यावसायिक भूमिका आणि धोरण यांवरचेही प्रश्न असतात. क्लिनिकमध्ये काम करू इच्छिणाऱ्या माझ्या बहुतेक विद्यार्थिनी पहिली निवडतात. दोन्ही प्रमाणपत्रे पाच वर्षांनी नूतनीकरण करावी लागतात.

पैशांविषयी भ्रम ठेवू नये. अमेरिकेच्या कामगार सांख्यिकी विभागानुसार मे 2023 मध्ये नर्स प्रॅक्टिशनरचे मध्यम वार्षिक वेतन 1,26,260 डॉलर होते आणि आर.एन.चे 86,070. कागदावर फरक मोठा दिसतो, पण रात्रपाळीचा भत्ता आणि जादा ड्यूट्या करणाऱ्या अनुभवी आर.एन.ला पहिल्या एफएनपी नोकरीत तो तितका जाणवत नाही, आणि त्यातून फी वजा करायची असते. मेडिकेअर, म्हणजे वृद्धांसाठीचा सरकारी आरोग्य विमा, 1998 पासून नर्स प्रॅक्टिशनरला डॉक्टरच्या दराच्या 85 टक्के देते, तेव्हा पगाराला वरून एक झाकणही आहे. एच-4 वर संघराज्य सरकारचे विद्यार्थी कर्ज मिळत नाही. तुमच्या रुग्णालयाच्या मनुष्यबळ विभागाकडे शिक्षण-साहाय्याची चौकशी करा. वर्षाला 5,250 डॉलरपर्यंतची अशी मदत करमुक्त असते. मात्र त्याबदल्यात किती काळ नोकरी सोडता येणार नाही हे वाचूनच सही करा, विशेषतः बदलीची शक्यता असताना. टेक्सासच्या सरकारी विद्यापीठांत एच-4 वर राहणाऱ्यांनाही रहिवाशांची कमी फी लागू होऊ शकते, त्यासाठी प्रवेश कार्यालयाकडे रहिवासाचे पुरावे द्यावे लागतात.

आणखी एक गोष्ट अगदी मनापासून लिहिते. आपल्या भाषेच्या परिचारिका या क्षेत्रात याव्यात असे मला फार वाटते. दक्षिण आशियाई माणसाला बारीक अंगकाठीतही मधुमेह होतो, म्हणून अमेरिकन डायबेटिस असोसिएशन आशियाई वंशाच्या लोकांची तपासणी बी.एम.आय. 25 ऐवजी 23 पासूनच करायला सांगते, आणि 2018 च्या कोलेस्टेरॉलविषयक मार्गदर्शक सूचनांत दक्षिण आशियाई वंश हाच हृदयविकाराचा धोका वाढवणारा घटक धरला आहे. माझ्याकडे येणारे मराठी आजोबा 'पथ्य पाळतो' असे सांगतात. 'आहार कसा आहे' या प्रश्नाला ते एवढेच उत्तर देतात. मी जेव्हा विचारते की सकाळी पोहे किती, दुपारी भात किती, चहात साखर किती आणि चतुर्थीला साबुदाण्याची खिचडी होते का, तेव्हा खरा आहार कळतो.

वारणाकाठ

सर्वांची मनापासून आभारी आहे. एफएनपीच करायचे आणि एम.एस.एन.च करायचे हे आता माझ्या मनात ठरले. संख्याशास्त्राचा मुद्दा मला कोणीच सांगितला नव्हता. कम्युनिटी कॉलेजची चौकशी या आठवड्यात करते, आणि मिरजेला माझा भाऊ महाविद्यालयात जाऊन येईल.

राहिलेली एकच शंका. अभ्यासक्रम अर्ध्यावर असताना फिनिक्सला जावे लागले तर काय होते? माझा आर.एन. परवाना अनेक राज्यांत चालणारा आहे, तेव्हा क्लिनिकलही चालतील असे मी धरून चालले आहे.

पश्चिमवारा

तसे धरून चालू नका. टेक्सास आणि अ‍ॅरिझोना दोन्ही राज्ये एकमेकांचा आर.एन. परवाना मानणाऱ्या राज्यांच्या करारात आहेत, त्यामुळे नोकरीला अडचण येत नाही. फक्त तिकडे कायमचे राहायला गेल्यावर परवाना अ‍ॅरिझोनाच्या नावे करून घ्यावा लागतो. विद्यार्थिनी म्हणून क्लिनिकल करण्यासाठी मात्र तुमच्या विद्यापीठाला त्या राज्यात तसा कार्यक्रम चालवण्याची परवानगी असावी लागते, आणि प्रत्येक विद्यापीठाला प्रत्येक राज्यात ती नसते. विद्यापीठाच्या संकेतस्थळावर राज्यांची यादी असते. त्यात अ‍ॅरिझोना आहे का ते पाहा, आणि 'एफएनपी' या कार्यक्रमासाठी आहे का तेही पाहा, कारण एकाच विद्यापीठाची परवानगी एका अभ्यासक्रमाला असते आणि दुसऱ्याला नसते. परवानगी असली तरी तुमच्यासाठी तिकडे प्रिसेप्टर शोधण्याची जबाबदारी ते घेतील का, हा पुन्हा वेगळा प्रश्न. स्थानिक दवाखान्यांशी करार असलेले डॅलसचे विद्यापीठ फिनिक्समध्ये तुम्हाला बहुधा मदत करू शकणार नाही.

दुसऱ्या विद्यापीठात बदली घेण्यावर विसंबू नका. पदव्युत्तर स्तरावर फार थोडे क्रेडिट पुढे नेऊ देतात, आणि क्लिनिकलचे विषय तर जवळजवळ कोणीच नेऊ देत नाही. शक्य असेल तर पहिले वर्ष अर्धवेळ घ्या, त्यात तीन पायाभूत विषय आणि संशोधनाचा विषय संपवा, आणि बदलीचे नक्की झाल्यावर क्लिनिकल जेथे राहणार त्या राज्यात सुरू करा. 'अ‍ॅरिझोनात राहायला गेल्यास क्लिनिकलची सोय विद्यापीठ करील का' हा प्रश्न फोनवर न विचारता ई-मेलने कार्यक्रम-संचालकांना विचारा आणि उत्तर जपून ठेवा. प्रवेश सल्लागाराचे तोंडी आश्वासन दोन सत्रांनंतर कोणालाच आठवत नाही.

प्रिसेप्टरसाठी ओळखी नाहीत असे तुम्ही लिहिले आहे, ते मला पटत नाही. तुमच्या टेलिमेट्री वॉर्डात हृदयरोग विभागाच्या नर्स प्रॅक्टिशनर रोज राऊंडला येत असतील. एफएनपी विद्यार्थिनीला त्यांच्याकडे फार तर थोडे तास करता येतील, पण त्या प्राथमिक आरोग्याच्या क्लिनिकमधल्या सहकाऱ्यांना ओळखतात. रात्रपाळी संपवून सकाळी सात वाजता त्यांची गाठ पडते तेव्हा थेट विचारा. मला माझ्या पहिल्या प्रिसेप्टर अशाच भेटल्या. आणि अर्ज करण्यापूर्वी एखादा दिवस कामाचे स्वरूप पाहायला आमच्या केंद्रात यायचे असेल तर मला खासगी संदेश पाठवा. आमच्या व्यवस्थापकांची परवानगी आणि गोपनीयतेच्या कागदावर सही एवढेच लागते. सोमवार टाळा, त्या दिवशी सुट्टीत आजारी पडलेली सगळी मुले येतात आणि मला तुमच्याशी बोलायला सवड मिळणार नाही.